काना

ब्रनो शहरात, बोहुनित्सेच्या टेकडीवर, तळघरात
पहाटे साडेतीनला यंत्राचा पंखा तेवढा जागा.
झ्दिस्लावाच्या चिमट्यात तांब्याची जाळी, टिकलीएवढी,
तिच्यावर एक थेंब: जिवाणूंचे रायबोसोम, मोजू नयेत इतके,
आणि स्ट्रेप्टोमायसिन.
टिपकागदाने थेंब पुसायचा, जवळजवळ काही उरू नये इतका,
आणि सोडायचा गोठवत्या इथेनमध्ये.
पाण्याला बर्फ व्हायचीही सवड मिळत नाही.
जो जिथे वाचत होता तिथेच थांबतो
अक्षरावर बोट ठेवून.

मग दोन दिवस छायाचित्रं.
राखेत सांडलेली खसखस, दुसरं काही नाही.
संगणक एकावर एक ठेवत जातो, लाखभर,
तेव्हा कुठे आकार येतो:
लहान भाग, मोठा भाग, मधून सरकणारा धागा,
तीन अक्षरं आत, एक अमिनो आम्ल बाहेर.

आणि ते बघा, वाचायच्या जागेलगत, कोपऱ्यात अंग दुमडून.
लोकांना वाटतं औषध काहीतरी तोडतं.
हे तोडत नाही.
शेजारी जाऊन बसतं, चार ठिकाणी हात धरतं,
आणि एवढ्या चिकित्सक वाचकाला,
चुकीचं अक्षर दारातूनच परत पाठवणाऱ्याला,
म्हणतं, असू दे. हेही चालेल.

मग ध चा मा होतो. मा चं आणखी काही.
वाकडी प्रथिनं भिंतीत जाऊन बसतात,
भिंत गळू लागते.
मरतो तो आपल्याच हातच्या लिखाणाने.

एकोणीसशे अठ्ठावन्न. झ्दिस्लावाचा मामा, वेंडेलिन,
ट्रामचा चालक. ब्रनोत ट्रामला शालिना म्हणतात,
मामा अजूनही तेच म्हणतो, जरा मोठ्याने.
फुप्फुसावर डाग आला. डोंगरातलं रुग्णालय,
खोलीत सहा खाटा, सहा जणांना रोज तीच सुई, तीच मात्रा.
सहाही जगले.
पाच जण घरी जाऊन रेडिओ ऐकू लागले.
वेंडेलिनने दहाव्या दिवशी परिचारिकेला विचारलं,
खिडकी तुम्ही लावलीत का?
खिडकी उघडी होती.

आपल्या पेशींच्या आत जुने जिवाणू राहतात.
अब्जाहून जास्त वर्षं झाली, भाडेकरू म्हणून आले,
आता चूल तेच सांभाळतात.
त्यांचे रायबोसोम त्यांचे स्वतःचे; बहुतेक घरांत
औषध त्यांना ओळखत नाही, पुढे जातं.
या घरात पंधराशे पंचावन्नाव्या जागी
ए च्या ठिकाणी जी आहे.
बाकी सगळी ओळ शुद्ध.
एका कान्याचा फरक, आणि दार ओळखीचं दिसलं.
औषध आत गेलं. गेले ते कान.

हे आईकडून येतं. मुलग्यांपाशी थांबतं,
मुली पुढे नेतात.
आपोलेनाच्या आरोग्यपुस्तिकेत, पहिल्याच पानावर,
लाल शाईत झ्दिस्लावाने स्वतः लिहिलंय
कोणती इंजेक्शनं द्यायची नाहीत.
गेल्या हिवाळ्यात, तापात, एक तरुण डॉक्टर म्हणाला, एकच तर डोस.
तिने पुस्तिका उघडून त्याच्या हातात दिली,
आणि तो वाचून होईपर्यंत पेन हातात धरून ठेवलं. त्याचं.

रविवारी ती छापील चित्र घेऊन झिदेनित्सेला गेली.
मामा नव्वदीचा. त्याने चित्र उलटं धरलं.
फ्लॉवर आहे का? ओरडून विचारलं,
शेजारचे वळून बघतात तसं.
तिने वहीत लिहिलं: तू घेतलेलं औषध. हे, लाल.
त्याने चष्मा वर केला. बराच वेळ.
मग खाली, थरथरत्या अक्षरात:
बसलंय मात्र छान.

टेबलाखाली त्याचा उजवा पाय हलला,
दोनदा, टाच टेकवून,
जशी चालक घंटा देतो
वळणाआधी.